नत्थूजीचा फिरता आडोसा

नत्थूजी सुतार सेलूचा. हाताचा हुशार, पण आपलंच खरं करणारा. सत्तावन सालची गोष्ट. हिंगणघाटजवळ एका नाल्यावर पूल बांधून राह्यले होते, आन् आमी तळेगावच्या वीस बाया तिथं गिट्टी वाह्याले गेलतो. साहेबानं नत्थूजीले सांगतलं, "बायांसाठी संडास बनव. काम पुढं सरकलं का तोबी सरकला पाह्यजे."

नत्थूजीनं बांबूचे तट्टे ठोकून, चौघांनी उचलावा असा मस्त आडोसा बनवला. खाली चर खणायचा, वर आडोसा ठेवायचा. कुठं ठेवावा म्हणून पठ्ठ्या मूठमूठ माती उडवून वारा पाहे! शेवटी पाण्याच्या पिंपाजवळ ठेवला. "टमरेल भरा आन् जा, दोन पावलं," म्हणे.

अवो, पण पिंपाजवळच तर सारे माणसं बिड्या फुकत बसत! आमच्याच गावचे, कोणाचा सासरा, कोणाचा भासरा, म्हंजे थोरला दीर. त्यायच्या समोरून टमरेल घेऊन कोण जाईन? एकबी बाई गेली नाई. नत्थूजीले वाटलं, वास येत असन. त्यानं चुना टाकला. मंग तट्ट्यांले गेरू फासला. मले तर असा राग ये!

जायची पाळीच नको म्हणून आमी पाणी पेणंच सोडलं. चौथ्या दिवशी माही धाकटी जाव धुरपता, सहा महिन्याची पोटुशी, टोपल्यासकट भोवळ येऊन पडली. तिले सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, तवा कुठं डोळे उघडले पोरीनं.

नत्थूजी धावत आला. "काऊन वो, पाणी काऊन नाई पेत तुमी?"

मी उठली, टमरेल भरलं, त्याच्या हातात देलं. "जा तुमी. आमी पाह्यतो."

साऱ्या बाया रांगेनं बसल्या, टक लावून. नत्थूजी आडोशापाशी गेला, घामाघूम झाला, आन् तसाच वापस आला. हासू दाबता दाबता आमच्यातल्या सुमित्राबाईले ठसका लागला.

"कुठं ठेवू, सांगा माय," तो म्हणे.

आमी गिट्टीच्या ढिगामागं जागा दाखवली. त्यानं तवाच चर खणला. साहेब आला, कपाळाले आठ्या. "नकाशात इथं नाही."

"साहेब," नत्थूजी म्हणे, "नकाशाले भासरा नसते."

दुसऱ्या दिवशी दुपारीच पिंप रिकामं झालं. पाणी भरणारा तानबा आमच्यावर खेकसला, "एवढं पाणी पेलं कोण?"

धुरपता पदरानं तोंड पुसत म्हणे, "मी."