पाच जीपा, एकच नंबर

काळीपिवळी जीप चालवणाऱ्याचं अर्धं आयुष्य गाडी भरायची वाट पाहण्यात जातं. एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर जास्तच. सकाळी नंबर लावला की दुपार होते. पवनीच्या स्टँडवर बसून बसून माणूस थकतो, पण किस्से मात्र साचत जातात, चाकावरच्या पत्र्याला चिखल साचतो तसे. कोणी खरडून काढत नाही. आज थोडे काढतो.

*

आमच्या पाच जीपांमधले टेप जुने. कॅसेट मिळत नाही, मिळालीच तर टेप ती गिळून टाकतो. रेडिओ तेवढा चालतो, पण त्यावर खरखरीशिवाय काही लागत नाही.

मग आमच्यातला सगळ्यात तरणा ड्रायव्हर, गजू, त्याने भंडाऱ्याहून डब्या आणल्या. डबी सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची, तिला पेनड्राइव्ह लावायचा. डबीवर जो नंबर दिसतो तोच रेडिओवर लावला की पेनड्राइव्हमधली गाणी रेडिओवर चालू! एवढ्याशा डबीत आख्खं रेडिओ स्टेशन!

दुकानदाराने पाचही डब्या एकाच नंबरवर लावून दिल्या होत्या. नंबर बदलता येतो म्हणे. मी गजूला विचारलं, तर तो म्हणाला, "वाजून राहिली नं बापू? मंग हात कायले लावता?"

कोणीच हात लावला नाही. त्यामुळे एकाची डबी चालू असली की शेजारच्या चार रेडिओंवर त्याचीच गाणी. दोघांच्या चालू झाल्या की नुसती खिचडी. शेवटी स्टँडचा कायदा झाला. रांगेत ज्याचा पहिला नंबर, त्याचीच डबी चालू. बाकीच्यांनी आपली खिशात ठेवायची.

एकदा माझी खिशातच राहिली आणि बायकोने सदऱ्यासोबत धुतली. दोन दिवस उन्हात वाळवून लावली, तर आवाज आधीपेक्षा स्वच्छ!

बायको म्हणाली, "गजूची बी आणा. त्याचे गाणे लय मळले हायेत."

*

लग्नसराईत अड्याळच्या पुढे वाटेत गाड्यांची गर्दी झाली. माझ्या मागे नवरदेवाची फुलं लावलेली गाडी. माझ्या डबीवर भजन चालू होतं, संसार कसा खोटा आहे त्याचं.

मागच्या गाडीतून नवरदेवाचा बाप उतरून माझ्या खिडकीशी आला. त्यांच्या गाडीतही तीच डबी, तोच नंबर! माझं भजन त्यांच्याकडे वाजत होतं.

हात जोडून म्हणाला, "बापू, बंद करा जी. पोरगा गाडी परत फिरवा म्हणून राहिला!"

*

वैनगंगेच्या घाटावरून अस्थी सोडून आलेलं एक कुटुंब स्टँडवर माझी आख्खी जीप ठरवून बसलं. पहिला नंबर गजूचा होता, आणि माझा रेडिओ बंद करायचा राहून गेला. अचानक माझ्या गाडीत बँडबाजाचं नाचायचं गाणं सुरू झालं.

मी घाबरून बटण शोधू लागलो. म्हातारपणी घाईत बोटं ऐकत नाहीत. मागून त्या घरची म्हातारी हळूच म्हणाली, "राहू दे, बापू. बुढ्याले हेच आवडे. जिता होता तेव्हा मीच बंद करत जाओ."

मग मी बंद केलं नाही. गाणं संपेपर्यंत गाडीही चालू केली नाही.

*

रोवणीच्या दिवसांत पहेल्याकडे धान लावायला जाणाऱ्या बायांनी गाडी भरली. वाटेत डबी बंद पडली. मी तिला चापट मारली, फुंकर मारली, काही नाही. बायांनी आपलीच गाणी सुरू केली. एकीने म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं. माझी जुनी गाडीही त्या दिवशी कुरकुरली नाही.

उतरताना एक बाई म्हणाली, "बापू, उद्या बी डबी मेलेलीच आणजो!"

*

आता शालिकचं सांगतो. आमच्या पाचातला एक, माझ्या बरोबरीचा. सवाऱ्या बोलवायची त्याची हाक बाजाराच्या पलीकडे जात असे. मग नागपूरला गळ्याचं ऑपरेशन झालं आणि हाक गेली. नुसता श्वास उरला.

स्टँडवर ज्याची गाडी, त्यानेच हाक मारायची, अशी आमची रीत. मी त्याच्यासाठी हाक मारायला गेलो तर त्याने हाताने थांबवलं. बॉनेटवर थापा मारून तो लोकांना बोलवू लागला. लोकांना वाटायचं, बुढा रागावला आहे. ते एसटीकडे जायचे.

एक दिवस माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "गाडी विकतो."

लाखांदूरकडचा एक माणूस मोटरसायकलवर गाडी पाहायला आला. व्यवहाराचं बोलायला शालिकने त्याला मधल्या सीटवर आणि मला आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी पहिला नंबर शालिकचाच होता.

"टेप चालते का जी?" त्या माणसाने विचारलं.

सुमनवहिनीने, म्हणजे शालिकच्या बायकोने, सकाळीच त्याला पेनड्राइव्ह दिला होता. गाणी असतील म्हणून त्याने डबीला लावला. पाचही जीपांमधून एकदम वहिनीचा आवाज निघाला.

"अड्याळ, पहेला, भंडारा! बसा माय, बसा बाबा! सावकाश नेतेत!"

आख्खा स्टँड वळून पाहू लागला. बाया हसत आल्या आणि बसल्या. त्यांच्या मागे माणसं. गाडी पाहायला आलेला मधल्या सीटवर दबला, उतरायला वाटच नाही. तेवढ्यात आवाज घरच्यासारखा झाला. "आता हे बंद कसं होते माय? अहो, गोळी घेतली का तुमी?"

आणि पुन्हा पहिल्यापासून, "अड्याळ, पहेला..."

शालिकने गाडी काढली. भंडाऱ्यापर्यंत तेच वाजलं. दरवेळी गोळी आली की आख्खी गाडी विचारायची, "घेतली का काकाजी?" शालिक समोर पाहत चालवत राहिला. डोळे तेवढे पुसत होता.

भंडाऱ्याला तो माणूस उतरला. कपडे नीट केले. मी विचारलं, "काय ठरलं मंग?"

"थांबा जी." खिडकीशी जाऊन त्याने आपली पाण्याची बाटली शालिकच्या हातात दिली. "काकाजी, पहिले ते गोळी घ्या."

शालिकने घेतली. मागून परतीच्या बाया चढू लागल्या होत्या.

तो माणूस माझ्याकडे वळला. "पवनीले दुसरी गाडी कोणती हाय जी? माही मोटरसायकल तिथंच राहिली, अन् याच्यात तं आता जागाच नाही."