गठ्ठ्याखालची कवटी

ताईने काढलेली दिवाळीची कार्डं मी एकाही नातेवाइकाला पाठवली नाहीत. पाठवली म्हणून तिला सांगितलं. का पाठवली नाहीत, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पनवेलच्या बाजारात माझा छोटा छापखाना आहे. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. कोपऱ्याला हळद लागल्याशिवाय आमच्याकडून गठ्ठा बाहेर जात नाही. गिऱ्हाईक विसरलं तरी आम्ही विसरत नाही. अशा दुकानात ताई एका दसऱ्याच्या सुमारास कवटीचं चित्र घेऊन आली. ती तेव्हा खारघरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि करंजाड्याला अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांभाळून राहायची. चित्र काळ्या शाईचं, बारीक रेघांचं. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची दगड झालेली कवटी, जबड्यात एकही दात नाही. आत तिने लिहिलं होतं, "दात गेल्यावरही हा माणूस पुष्कळ जगला. कुणीतरी त्याला मऊ करून भरवत असणार. माणसं तेव्हापासून अशीच आहेत. शुभ दीपावली."

"दिवाळीला कवटी?" मी म्हणालो.

"मग काय पणत्या? पणत्या सगळेच पाठवतात. छाप रे. आणि पत्ते तुझ्याकडे आहेत सगळ्यांचे, तूच टाक पोस्टात."

मी छापली. नमुन्याची दोन तिला दिली, बाकीची मागच्या फळीवर ठेवली. नातेवाइकांना नेहमीचं पणतीचं कार्ड गेलं.

त्या दिवाळीत ताईच्या कार्डाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? भाऊबीजेला मला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "आत्याला आवडलं नसणार. कुणालाच नाही. माझं हे नेहमीचंच, कुठे काय करावं कळत नाही." मी करंजी खात राहिलो. त्यानंतर तिने चित्रं काढणं सोडलं. पुढे अण्णा गेले, आणि नात्यातल्या लग्नकार्यांना येणंही तिने बंद केलं.

कार्डांचा कागद जाड, चांगला होता, आणि छापखानेवाल्याच्या हातून चांगला कागद फेकला जात नाही. पत्रिकांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून आम्ही गठ्ठ्याच्या खाली-वर पुठ्ठा घालतो. पुठ्ठा संपला की मी ताईची कार्डं घालू लागलो. दिवाळीला जी चालत नव्हती ती कवटी अशी किती लग्नघरांत जाऊन आली, देव जाणे.

यंदा उन्हाळ्यात ताई दुकानात चहा पीत बसली होती. तेवढ्यात जवळच्या गावातली एक जुनी गिऱ्हाईक बाई धाकट्या मुलाच्या पत्रिका ठरवायला आली. आल्या आल्या म्हणाली, "शेठ, मोठ्याच्या लग्नाच्या गठ्ठ्याखाली ते कवटीचं कार्ड होतं ना, तसं अजून हाय का? आमच्या सासूनं भिंतीला लावलंय. तिला एक दात नाय. भात कुस्करून द्यायला उशीर झाला की बोलते, बघ, त्या बाबाला पण भरवत होते, तू काय मोठी कलेक्टर लागून गेलीस?"

ती खदाखदा हसली. ताईने मला विचारलं, "कुठल्या गठ्ठ्याखाली?"

बाई गेल्यावर मी सांगितलं. म्हटलं, सणाच्या दिवसांत अशुभ वाटलं, लोक काय म्हणतील. ताईने कप खाली ठेवला. आता उठून जाईल, असं मला वाटलं.

"म्हणजे आत्याला आवडलं नाही असं नाही," ती सावकाश म्हणाली. "आत्याला मिळालंच नाही."

"नाही."

"गाढवा! इतकी वर्षं मी तिच्यासमोर जायला लाजतेय." आणि ती हसायला लागली. डोळे पुसत हसली. "उरलीत का?"

उरली नव्हती.

"मग नवीन काढते."

काढलंही. या वेळी ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटून दगड झालेली माणसाची पावलं, मोठी आणि त्यांच्या शेजारून चालणारी लहान. "हवी तर हळद लाव कोपऱ्याला," ती म्हणाली. मी खरंच लावली, आणि सगळी स्वतः पोस्टात टाकली. दिवाळीत आत्याचा तिला फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"ही लक्ष्मीची पावलं का गं?"

"नाही आत्या, तिच्याही आधीची."

"मग घरी येऊन नीट सांग की. फराळाचं उरलंय अजून."

ताई दुसऱ्याच दिवशी गेली.

पण अशुभ हे खरं कारण नव्हतं. कवटीच्या कार्डातला मजकूर वाचून मला वाटलं होतं, अण्णांना मुलगी भरवते आणि मुलगा भरवत नाही, हे ताई सगळ्या नात्यागोत्यात छापून कळवते आहे. तिच्या मनात तसं काही नव्हतं. गोष्ट मात्र खरी होती. करंजाडे काही लांब नाही. मी रविवारी जायचो, फळं ठेवायचो आणि अण्णांच्या जेवणाची वेळ झाली की उठायचो. त्यांच्या तोंडातून सांडलेलं मला बघवत नसे. मी त्यांना एकदाही भरवलं नाही.

हे ताईला अजून सांगितलेलं नाही. आता ती ऐकून घेईल, असं वाटतं. तिच्यासमोर बसून हे सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो.