पाच गुरूंना एकच ईमेल

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. हा घोळ ऐकताना ठसका लागलेली माणसं मी पाहिलीत!

डहाणू रोडला माझं दोरखंड-ताडपत्रीचं दुकान. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. धंदा, गुजराती, मोबाईल, सगळं गल्ल्यावर बसून शिकलो. आणि पन्नाशी ओलांडल्यावर डोक्यात किडा वळवळला, पदवी घ्यायची! दर रविवारी तलासरीला वर्ग. बाकडी अरुंद, पोट रुंद, पण जातो.

तर झालं काय, गृहपाठ द्यायची तारीख चुकली. गृहपाठ नाही तर परीक्षा नाही, वर्ष फुकट! आणि मी तर अख्ख्या बाजारात सांगून बसलेलो, शेठ पदवीधर होणार म्हणून.

मुलगी मानसी वाणगावच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, गृहपाठ सावे मॅडमचा ना? त्यांना साधा ईमेल करा. वर विषय, खाली नाव, मधे दोन दिवसांची विनंती. बस्स."

"तू मला मागायला शिकवतेस? आयुष्य गेलं माझं घाऊकवाल्यांकडून माल सोडवण्यात!"

आता आमची रीत ऐका. माल हवा असला की मी पाच घाऊकवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकदमच मेसेज टाकतो, "शेठ, फक्त तुम्हालाच विचारतोय." ब्रॉडकास्टची सोय असते ना! ज्याला त्याला वाटतं, मला एकट्यालाच आलाय. जो आधी विरघळेल तो आपला.

मी तेच केलं. पाचही शिक्षकांचे पत्ते एका ओळीत भरले आणि लिहिलं, "बाकीच्या शिक्षकांचं काही खरं नाही. माझे खरे गुरू फक्त तुम्हीच. दोन दिवस द्या."

पाठवला आणि मग बसवेना! फोन उघड, बंद कर. दारात जा, आत ये. पंखा वाढव, कमी कर. वरोर गावाहून आलेली गिऱ्हाईक मावशी ओरडली, "अरे शेठ, दोर मागितला, बादली काय देतोस? लक्ष कुठंय तुझं?"

"परीक्षेत, मावशी!"

"या वयात? नापास केला काय तुला?"

"अजून नाही. त्याचीच वाट बघतोय!"

तेवढ्यात टुंग! एका सरांचं उत्तर, "आभारी आहे. पण ज्यांचं काही खरं नाही, त्यांत मी आहे का, ते कळवावे." मागोमाग दुसरे, "मी माघार घेतो. खरे गुरू तुम्ही आपसांत ठरवा." तिसऱ्यांनी नुसतेच हात जोडले.

मानसीला फोन लावला. "अगं, यांना एकमेकांचं कळलं कसं?"

"बाबा! ईमेलवर सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतात!"

घाईघाईत पहिल्या सरांना उत्तर लिहिलं, "सर, बाकीचे जाऊ द्या, खरे तुम्हीच." बोट पडलं 'रिप्लाय ऑल'वर! तेही गेलं कुणाला? पाचही जणांना!

संध्याकाळी सावे मॅडमचा फोन. "काका, दिले दोन दिवस. पण आता ईमेल थांबवा! आणि कसा लिहू नये म्हणून रविवारी वर्गात दाखवू का? नाव झाकते."

"दाखवा की! फक्त नाव नीट झाका."

रविवारी माझा ईमेल पडद्यावर. वर्ग खदाखदा हसतोय, कुणाचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मीही साळसूदपणे हसतोय. मॅडमनी विचारलं, "यात काय लिहायचं राहिलंय? कोण सांगेल?"

ईमेलच्या तळाशी दुकानाची ओळ आपोआप आलेली, 'उत्तम ताडपत्री मिळेल.' ती दिसली मात्र, माझा हात आपसूक वर गेला.

"मॅडम, भाव लिहायचा राहिलाय माझा!"