वाघदेवाला बोललेली कोंबडी

मुलांनो, जव्हारला आमच्या शेजारी एक शास्त्रज्ञ राहायचे, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिकावरच्या रोगांवर काम करणारे. संध्याकाळी ते पेटी वाजवत. त्यांची कुत्री बरोबरीने गळा काढी, तेव्हा ते खूश होऊन म्हणत, "बघा, पंचम लागला!"

एकदा त्या कुत्रीने समोरच्या मजूर बाईची कोंबडी मारली. ते लगेच खोडाळ्याच्या बाजारातून दुसरी घेऊन आले.

"ही नाय चालायची, साहेब. ती वाघदेवाला नवसानं बोललेली," बाई म्हणाली. "आता माझ्या शेळ्या कोण राखील?"

त्या संध्याकाळपासून पेटी बंद झाली. वाघबारशीला, म्हणजे वाघदेवाच्या सणाला, देव न मानणारे ते तिच्यामागून अनवाणी वाघदेवापाशी आले. "दोष कुत्रीचा नाही. दार मी उघडं ठेवलं," असं हात जोडून सांगत राहिले. मला बघवेना.

शेवटी बाईच म्हणाली, "बास आता, साहेब. वाघ बहिरा नाय."