सासरे एकदा जेवायला बसले

माझ्या सासऱ्यांना जेवताना पाहिलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. वाढताना मात्र त्यांना निम्म्या जिल्ह्याने पाहिलं असेल. पाटबंधारे खात्यात ते मुकादम होते आणि दोन लग्नांच्या मध्ये जो काही वेळ उरे त्यात ते नोकरी करत, अशी माझी पक्की समजूत आहे. बारसं असो, साखरपुडा असो, आमच्या कॉलनीतली बुद्धजयंतीची खीर असो, सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या की बादली त्यांच्या हातात आलीच. एकदा पंचवटीत भाजी आणायला गेले ते दिवस मावळेपर्यंत परतेनात. वाटेत एक मांडव दिसला, आत वाढणारे कमी पडत होते, तेव्हा सायकल भिंतीला लावून हे घुसले आणि शेवटची पंगत उठवूनच बाहेर आले. मुलाकडच्यांना वाटलं हे मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. भाजी राहिलीच, आणि एवढं करून स्वतः उपाशी. "आपलं काय, नंतर हायेच," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते नंतर कधी यायचं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी नामपूरहून मुलगी बघायला आलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. समोर उभे राहून फक्त माझ्या बशीकडे बघत राहिले. मला प्रवासाने कडकडून भूक लागली होती, मी पोहे दोनदा मागून घेतले. "मानूस लाजत नाय, चांगला हाय," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. लग्नात नवरीचे वडील म्हणून त्यांना फेटा बांधला होता, तो त्यांनी जिलेबीच्या टोपल्यावर झाकण म्हणून वापरला. आमच्या अल्बममध्ये सासऱ्यांचा चेहरा एकाही फोटोत नाही. वाकलेली पाठ आणि बादली तेवढी चार-पाच ठिकाणी आहे.

लोकांना या सगळ्याची गंमत वाटे, मलाही वाटे. माझ्या बायकोला वाटत नसे. आई लवकर गेलेली, घरात हे दोघंच. रोज तिला गरम भाकरी वाढून दादा, म्हणजे तिचे वडील, शेजारी उभे राहणार, "घे अजून, अर्धी घे" म्हणणार, आणि तिचं आवरून ती अभ्यासाला बसली की चुलीपाशी उभ्यानेच पातेल्यातलं काहीतरी तोंडात टाकणार. बापलेकींनी समोरासमोर बसून, एका वेळी, एक जेवण केलं असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. माझी बदली थेट चंद्रपूरला झाली आणि हिने हट्टच धरला. जायच्या आधी एकदा दादांबरोबर जेवायचं. तिची मागणी एवढीच होती. घरी ते बसणार नाहीत, तेव्हा हॉटेलात न्यायचं. तिथे वाढायला माणसं असतात, म्हणजे दादांना बसावंच लागेल. हिशेब अगदी बिनचूक होता. नवऱ्याने त्यात खोट काढावी असं काही मला दिसलं नाही.

रविवार कारंजा चौकाजवळच्या एका थाळीच्या हॉटेलात आम्ही गेलो. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी सारखी करत, मुलाखतीला आल्यासारखे बसले. रविवारची ही गर्दी. टेबलं भरलेली, आणि ज्यांना जागा नाही ते जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभे. वाढणारे बादल्या घेऊन धावत होते. आमच्या थाळ्या आल्या. बायकोचा चेहरा असा काही खुलला होता की मी लग्नातही तसा पाहिला नव्हता. तिने घास मोडला आणि वडिलांकडे बघितलं. वडील बघत होते पलीकडच्या टेबलावर. तिथे एका म्हाताऱ्याची वाटी रिकामी होती आणि वाढपी त्याला ओलांडून पुढे गेला होता.

"ओ, वरण! त्या बाबांना वरण!" सासरे ओरडले. कोणी ऐकलं नाही. मग ते उठले. मी "दादा, दादा" म्हणेपर्यंत त्यांनी एका दमलेल्या वाढप्याच्या हातातली बादली काढून घेतली होती. तो माणूस आधी चिडला, मग लगेच भिंतीला टेकून उभा राहिला आणि टॉवेलने मान पुसू लागला. पाच मिनिटांत हॉटेलाची कळा बदलली. "लाजू नका, पोटभर घ्या, घरचंच हाय," असं सासरे सांगत फिरत होते आणि लोक "काका, इकडे कढी" म्हणून हाका मारत होते. गल्ल्यावरचा मालक उठून आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि "भातपण घ्या हाताशी" म्हणून परत जाऊन बसला. काय बोलणार कप्पाळ!

फिरत फिरत ते जिलेबीची परात घेऊन आमच्या टेबलाशी आले. हिने एक घाससुद्धा खाल्ला नव्हता. तिने दोन्ही हात थाळीवर आडवे धरले. आता पंगतीत हात आडवे धरले की वाढणाऱ्याने हसून जास्तच वाढायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "असं चालतं व्हय ताई?" म्हणत त्यांनी तिच्या हातांवरच दोन जिलेब्या ठेवल्या. ही रडायला लागली. पाक मनगटावरून ओघळत होता आणि तिला डोळे पुसता येत नव्हते. सासऱ्यांना वाटलं, चंद्रपूरला जायचं म्हणून रडते. "येशील की दिवाळीला," ते म्हणाले.

मला संताप आवरेना. "दादा, बसा!" मी भर हॉटेलात ओरडलो. ते चटकन बसले. पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडाशी नेऊन तसेच थांबले. त्यांच्या खुर्चीमागे एक बाई उभी होती आणि सगळे बघतात तसं तीही थाळीकडे बघत होती.

"मागं कोनी उभं असलं ना ताई, की घास उतरत नाय," ते हळूच हिला म्हणाले. "कळवनकडं, आमच्या गावाला, लग्नात आमी मांडवाभाईर उभं ऱ्हायचो. लोकं जेवायची, आन आमी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. समदे उठले की मंग आमाला. ते बी वाकून नाय, वरूनच टाकायचे."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही.

"दादा, आज माझ्यासाठी," ती म्हणाली. "एक घास."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. तुकडा तोंडात घातला, चावला, डोळ्यांत पाणी आलं, पण तो खाली काही जाईना. शेवटी त्यांनी तो हातावर काढून घेतला, थाळी पुढे सरकवली आणि उठून त्या बाईला म्हणाले, "बसा माय तुमी. जेवा." ती बाई बसली. नवी थाळी मागवून मजेत जेवली आणि मध्येच हिला म्हणाली, "अगंबाई, तुम्ही का जेवत नाही?"

त्यानंतर हिने तो विषय काढला नाही. आम्ही चंद्रपूरला गेलो, दिवाळ्या आल्या, सासरे वाढत राहिले. काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, हात उचलेना, तेव्हा ही धावत आली आणि दवाखान्यात त्यांना चमच्याने पेज भरवू लागली. ते तोंड मिटून घेत आणि डोळ्यांनीच खुणावत, आधी तू. मग ही स्वतः एक चमचा खाई, तेव्हा कुठे ते एक घेत. एक तिला, एक त्यांना, असे ते शेवटचे दिवस गेले.

आता कधी कधी जेवता जेवता ही थांबते आणि मला विचारते, "त्या पेजेला आमचं एकत्र जेवण धरायचं का हो?" मी धर म्हणतो. ती मान हलवते आणि पुढचा घास घेते. तिला ते पटत नाही हे मला दिसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही.