चांगल्या बाजूचा रकाना

वस्तीत तिला सगळे फॉर्मवाली मावशी म्हणत. बावीस वर्षं दारोदार फिरून तिने पोरांची वजनं केली, दंड मोजले, डोस पाजले. पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा चालू. दार उघडायला उशीर झाला की बाहेरूनच घरादाराची हजेरी घ्यायची.

यंदाच्या फॉर्मवर मुलांचा दवाखाना कुठल्या वस्तीला मिळणार, ते ठरणार होतं. शेजारच्या वीटभट्ट्यांच्या धुराने इथली निम्मी पोरं खोकत. मावशीच्या चार वर्षांच्या नातीचे तर एक जिना चढला की ओठ निळे पडत. सध्याचा दवाखाना दोन बस बदलून.

फॉर्मला दोन रकाने होते. वस्तीत काय कमी आहे, हा तिने नेमका भरला. वस्तीत चांगलं काय आहे, इथे आली आणि तिचा ऊर भरून आला. बावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! कोपऱ्यावरची शिंपीण शिवता शिवता अकरा पोरं सांभाळते, फुकट. म्हातारा कंपाउंडर आपलं वाफेचं यंत्र सगळ्यांना वापरू देतो. पोराला धाप लागली की टेम्पोवाला गिऱ्हाईक सोडून धावतो. जागा पुरेना, तेव्हा तिने पुरवणी जोडली. आपल्या माणसांबद्दल चांगलं लिहायचं, तर हात आखडता कशाला घ्यायचा?

दीड महिन्याने दवाखाना पलीकडच्या वस्तीला गेला. मावशी तणतणत कचेरीत पोचली. साहेब सज्जन होता, हीच पंचाईत. त्याने तिचाच फॉर्म पुढे ठेवला.

"मावशी, तुमच्याकडे माणसं आहेत हो. पलीकडे कुणी कुणाला विचारत नाही. तुमचं निभतंय."

"कुठलं निभतंय? कंपाउंडरला स्वतःला उठवत नाही, यंत्र बंद पडलंय. साहेब, ती पुरवणी फाडून टाका."

"यादी वर गेली. आता पाहणी पाच वर्षांनी."

पाच वर्षांनी नात नऊची होईल. होईल ना? तो विचार तिने अर्ध्यावरच सोडला.

परतताना शिंपिणीने हटकलं. एक पोर कडेवर खोकत होतं.

"काय गं, कधी येतोय दवाखाना?"

"नाही येत. मीच घालवला."

शिंपिणीला काही उमगलं नाही. तिने मावशीचा पडलेला चेहरा पाहिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे गं. आपण आहोत ना पोरांकडे बघायला."

मावशीला रडू फुटलं. अगदी हेच तिने लिहून दिलं होतं.