सोफ्र्यावर मांडलेली पुस्तकं

स्तामेनाच्या गळी पुस्तक उतरवणं म्हणजे खायचं काम नाही. खाली प्लोवदिव शहरातून गाडीभर पुस्तकं घेऊन येणारे विक्रेते आमचा घाट चढतानाच छातीवर क्रूस काढतात, आणि तो काही वळणांच्या भीतीनं नव्हे. वर चितालिश्तेच्या दारात ही बाई बसलेली असते. मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं पातेलं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. चितालिश्ते हे आमच्या गावाचं वाचनघर. पुढं नाटकाचं दालन, मागं पुस्तकांची खोली. ती खोली गेली कित्येक वर्षं स्तामेनाच्या ताब्यात आहे.

"काय आणलंत?"

"लहान मुलांसाठी एकदम ताजं, काकू. जंगलातले प्राणी!"

ती पुस्तक कधीच पहिल्या पानापासून उघडत नाही. पहिलं पान सगळेच नटवतात म्हणते. बरोबर मधे बोट घालायचं आणि मोठ्यानं वाचायचं. "‘छोट्या दोस्तांनो, चला तर मग, बघू या खारूताई काय सांगते!’ हं. अर्धं पान संपलं, खारूताई नुसती शेपूट हलवतेय. तिला काही सांगायचंच नाहीये. न्या परत."

"अहो, मुलांसाठी आहे ते."

"म्हणूनच म्हणते. पोरं लहान असतात, बावळट नसतात."

ज्या पुस्तकात प्रयोग असतील ते ती आधी स्वतः करून बघते. सोडा आणि व्हिनेगरचं रॉकेट तिनं खोलीतच उडवलं. छतावर डाग पडला. रंगारी आला तेव्हा म्हणाली, बाकी सगळं रंगव, तो डाग राहू दे, पुस्तक खरं बोलतं याचा पुरावा आहे तो. आता अशा बाईला काय म्हणावं! पण आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही विचारून बघा, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो ते. घडाघडा सांगेल. वर तुम्हालाच विचारेल, "तुम्हाला नव्हतं माहीत?" खाली तालुक्याच्या शाळेतले मास्तर आमच्या पोरांना जरा टरकूनच असतात, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. का नसावा?

तर अशा या स्तामेनाला आडवा आला ग्रोझ्दान. तोच, जो तिच्या शेजारी एका बाकावर शिकला, पुढं आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर चितालिश्तेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. पोरांच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा वर्षातून एकदाच येतो. त्या वर्षी चितालिश्तेची शंभरी होती, पाहुणे येणार होते, आणि ग्रोझ्दानच्या डोक्यात शिरला ज्ञानकोश. आठ खंड, जाड पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं. सगळा पैसा त्यातच संपणार होता.

"शोभा येईल गं खोलीला," तो म्हणाला.

"शोभेला पडदे लाव."

"तुझी ती चिटुकली पुस्तकं! एक ओढ्यावर, एक हाडांवर, एक पाव का फुगतो त्यावर. पाहुण्यांना काय दाखवू, पाव?"

एरवी स्तामेनानं त्याची सालटी काढली असती. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती. यांच्या लहानपणी शाळेत असेच सोनेरी खंड होते, काचेच्या कपाटात. ग्रोझ्दान मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभा राहायचा. ते कपाट कुणी कधी उघडलं नाही. त्यामुळं तो हट्टाला पेटला होता ते केवळ पाहुण्यांसाठी नव्हे, आणि हे कळत असल्यामुळंच तिची जीभ अडत होती. पण हे वर्ष वाया गेलं तर? उन्हाळ्याला शहरातून नातवंडं येतात, तेवढेच दोन महिने खोली भरते. कपाटात ओढून घ्यावं असं काही नसलं तर ती पोरं दाराशी डोकावून मोबाइलकडे वळणार, आणि एकदा वळलेलं पोर परत आणणं किती अवघड ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रात्ररात्र झोप नाही लागली बिचारीला.

मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली. "प्रोश्तापुल्निक करू."

सगळे हसले. प्रोश्तापुल्निक बाळाचा असतो. बाळ पहिलं पाऊल टाकतं त्या दिवशी सोफ्र्यावर, म्हणजे आमच्या बुटक्या गोल टेबलावर, वस्तू मांडतात. कात्री, पळी, घंटा, पुस्तक, जे असेल ते. बाळ ज्याला हात घालेल ते त्याचं. मोठ्यांनी मधे बोलायचं नाही, हातातून काढून घ्यायचं नाही.

"हसताय काय? सोफ्र्यावर पुस्तकं मांडू. त्याचा एक खंड आणि माझी चिटुकली. गावातली सगळी पोरं बोलवा. ती धरतील ते विकत घ्यायचं."

"आणि त्यांनी माझं धरलं तर?" ग्रोझ्दाननं विचारलं.

"तर मी स्वतः पुसून कपाटात लावीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू? शब्द काढणार नाहीस?" पुन्हा हशा पिकला. पण प्रोश्तापुल्निकला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. ठरलं.

रविवारी सकाळी दालनात सोफ्रा मांडला, वर पांढरं कापड. विक्रेत्याकडून नमुन्याच्या प्रती आल्या होत्या. स्तामेनानं भल्या पहाटे उठून चीज भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा भाजली होती, पण पोरांना आधी द्यायची नाही म्हणाली, तेलकट हात पुस्तकाला नकोत. उगाच कारण हो! ती स्वतः एकच पुस्तक तिसऱ्यांदा सरळ करत होती.

दार उघडलं आणि पोरं घुसली. सगळी सरळ सोनेरी खंडाकडे! एकानं उचलला, दुसऱ्यानं ओढला, डायनासोरचं पान निघालं, आणि सोफ्र्याभोवती गोल करून बसली की सगळी. ग्रोझ्दाननं मोबाइल काढला, वर्तमानपत्रासाठी फोटो काढू लागला. "इकडे बघा रे! हसा! यासेन, पुस्तक वर धर!"

पोरांनी पुस्तक वर धरलं, हसली, पुन्हा वर धरलं. ते काही स्तामेनाला बघवेना. ती आत जाऊन बानित्साचे तुकडे करत बसली. कापताना स्वतःशीच म्हणाली, "आयुष्य घातलंस गं, आणि सोन्याच्या चार अक्षरांनी तुला चीत केलं." डोळे भरून आले, ते तिनं झग्याचं टोक पदरासारखं उचलून पुसले.

ताट घेऊन बाहेर आली तर दालन निम्मं रिकामं. खंडाभोवती चौघं उरली होती, तीही चिमुरडी. बाकीची गायब.

"बघितलंस?" ग्रोझ्दान म्हणाला. "माझ्या खंडापाशी पोरं बसलीत. ज्यांनी तुझी पुस्तकं हातात घेतली ती कंटाळून पळाली. माझी नात बिल्यानासुद्धा."

स्तामेनानं सोफ्र्यावर नजर फिरवली. हाडांचं पुस्तक होतं, पावाचं होतं. ओढ्याचं नव्हतं.

तिनं ताट त्याच्या हातात दिलं आणि चालू लागली. गुडघे दुखतात म्हणून जी बाई चर्चलासुद्धा काठी घेऊन जाते, ती उतारावरून भराभरा चालली. मागून ताट सांभाळत ग्रोझ्दान. "अगं, कुठं चाललीस? पडशील!"

पुलाखाली बाकीची सगळी पोरं ओढ्यात होती. बूट काठावर, रविवारचे कपडे मांडीपर्यंत ओले. पाण्यातले दगड उलथे करून बघत होती. यासेन छातीशी पुस्तक धरून हुकूम सोडत होता, "खालच्या बाजूला बघा, खालच्या! वर नसतो तो!"

"बिल्याना! हे काय चाललंय? नवा झगा!" ग्रोझ्दान ओरडला.

"आजोबा, ओरडू नका ना, तो आत जाईल!" नात पाणी तुडवत आली. तिच्या तळहातावर एक इवलीशी नळी होती, बारीक खड्यांची, एकावर एक चिकटवलेली. नळीच्या तोंडातून काळं डोकं बाहेर आलं, सहा पाय आले. "हे घर या किड्यानं स्वतः बांधलंय. थुंकीसारखं रेशीम काढतो आणि खडे चिकटवतो. घाणेरड्या पाण्यात तो जगतच नाही. म्हणजे आपला ओढा चांगला आहे! पुस्तकात लिहिलंय, पण आम्ही खरंच बघितलं!"

ग्रोझ्दान वाकला. या ओढ्यात तो पोहायला शिकला होता, बस धुतली होती, बायकोला पहिल्यांदा इथंच भेटला होता. खड्यांचं घर बांधणारा हा प्राणी त्यानं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

"हा... हा नेहमीच असतो इथं?"

"असणारच की! आजोबा, पुढचं वाचा ना. यासेनला नीट वाचता येत नाही आणि माझे हात ओले आहेत."

पुस्तक एव्हाना चिंब झालं होतं. पानं फुगलेली, कोपऱ्याला शेवाळ. विक्रेता काही ते परत घेणार नव्हता. ग्रोझ्दाननं बानित्साचं ताट दगडावर ठेवलं, चष्मा शोधला, पुस्तक लांब धरलं आणि बसमधे थांबे पुकारायचा त्या आवाजात वाचायला लागला. घर लहान पडलं की हा किडा पुढून नवे खडे जोडतो. वसंतात दार बंद करून आत झोपतो. बाहेर येतो तेव्हा त्याला पंख असतात.

"पंख?" ग्रोझ्दान थांबला. "याला?"

"थांबू नका!" सगळी पोरं एकदम ओरडली.

तो पान उलटायला गेला आणि पान फाटलं. त्यानं वर बघितलं. "स्तामेना, सगळीच्या सगळी मागव. ती हाडांची, पावाची, जी म्हणशील ती. पण आधी हेच मागव, नवीन. याचं शेवटचं पान मला वाचायचंय."

ती वर पुलाच्या कठड्याशी उभी होती. पुलावरून एक शेळ्यांवाला चालला होता, खालचा गोंधळ बघून थबकला. गावात स्वतःबद्दल कधी एक चांगला शब्दही न काढलेल्या स्तामेनानं त्याची बाही धरली, खाली बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ते पुस्तक दिसतंय का? ते मी निवडलंय."